‘तमस’ घरात कधी लावावी?

मार्च 2020 मध्ये देश घरात कोंडला गेला आणि दूरदर्शनने जुन्या मालिका बाहेर काढल्या. 28 मार्चला ‘रामायण’ पुन्हा सुरू झाली. पाठोपाठ ‘महाभारत’, ‘ब्योमकेश बक्शी’, ‘शक्तिमान’ आल्या. एप्रिलमध्ये तर जुन्या मालिकांसाठी ‘डीडी रेट्रो’ ही वेगळी वाहिनीच निघाली. आजी-आजोबा, आईबाप आणि नातवंडं एकाच टीव्हीसमोर बसण्याचा योग कित्येक घरांत फार दिवसांनी आला. त्याबरोबर एक वाक्यही घरोघर ऐकू येऊ लागलं: आमच्या वेळच्या मालिका निदान सगळ्यांनी मिळून बघता तरी येतात.

हे अर्धं खरं आहे. 1980च्या दशकातल्या मालिकांत शिवीगाळ नव्हती, चुंबनं नव्हती, रक्ताच्या चिळकांड्या क्वचितच दिसत. रिमोट शोधताना धांदल उडावी असं काही पडद्यावर यायचं नाही. बहुतेक घरांत रिमोट नव्हताच. पण त्याच दशकात, रविवारी सकाळी, अंघोळी उरकून अख्ख्या देशाने द्रौपदीचं वस्त्रहरण पाहिलं. भरसभेत एका स्त्रीला केस धरून ओढत आणतात, तिची विटंबना होते आणि घरातले वडीलधारे माना खाली घालून बसतात. मुलांना हे दाखवावं का, असा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही. गोष्ट आधीच ऐकलेली होती, कृष्ण येणार हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं आणि शेजारी आजी बसलेली होती. प्रसंग तोच ठेवून या तीन गोष्टी काढून घेतल्या, तर उत्तर बदलतं.

या प्रकरणाचा विषय तो आहे. जुनी मालिका घरात लावण्याजोगी आहे की नाही, हे मालिकेत काय आहे यावर जितकं ठरतं, तितकंच ती कशी पाहिली जाणार आहे यावर ठरतं. याची परीक्षा सोप्या मालिकेवर घेण्यात अर्थ नाही. ‘मालगुडी डेज’ लावा, काही बिघडणार नाही. परीक्षा घ्यायची तर ‘तमस’ची घ्यावी.

भीष्म साहनींची ‘तमस’ ही कादंबरी 1973ची. 1975 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातल्या घटना मार्च 1947 मध्ये रावळपिंडी आणि आसपासच्या खेड्यांत झालेल्या दंगलींवर बेतलेल्या आहेत, पण साहनींना ती लिहायला बसवलं ते आपल्या भिवंडीने. 1970च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली. त्यानंतर ते भाऊ बलराज यांच्याबरोबर तिथे गेले होते, आणि ते उद्ध्वस्त गाव पाहताना त्यांना स्वतःची रावळपिंडी आठवली. मालिका केली गोविंद निहलानींनी. त्यांचा जन्म कराचीचा. फाळणीत कुटुंब राजस्थानात आलं. म्हणजे लेखक आणि दिग्दर्शक दोघेही आपल्याच कुटुंबांवर गुदरलेलं सांगत होते. जानेवारी 1988 मध्ये ती दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हा दुसरी वाहिनी बहुतेकांच्या घरी नव्हती. बघायची तर हीच, नाहीतर टीव्ही बंद.

सुरुवातच अवघड आहे. नत्थू हा चामड्याचं काम करणारा गरीब माणूस. ठेकेदार त्याला एक डुक्कर मारून द्यायला सांगतो. जनावरांच्या डॉक्टरला हवं आहे, असं कारण देतो. अंधारी कोठडी, मिणमिणता दिवा, ओम पुरींचा घामाने थबथबलेला चेहरा आणि मरायला तयार नसलेलं जनावर. निहलानी घाई करत नाहीत. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं आणि शहर पेटायला लागतं. पुढे एका कोवळ्या पोराची ‘तयारी’ करण्यासाठी त्याच्या हातून कोंबडी मारवून घेतात. वेढ्यात सापडलेल्या गुरुद्वारातल्या बायका, काही जणी लेकरांसकट, विहिरीत उड्या घेतात; त्यांच्या पुढे असते उत्तरा बावकरांची जसबीर. आणि याच मालिकेत हरनामसिंग आणि बन्तो हे म्हातारं शीख जोडपंही आहे. चहाचं दुकान सोडून रातोरात निघालेल्या या दोघांना एका मुसलमान घरातली राजो आसरा देते. हरनामसिंग खुद्द भीष्म साहनींनी केला आहे, बन्तो दीना पाठकांनी, राजो सुरेखा सीकरींनी. सीकरींना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मते भारतीय टीव्हीवर यापेक्षा चांगला अभिनय फार थोडा झाला आहे.

मालिका सुरू झाल्याबरोबर वाद पेटला. निदर्शनं झाली, निहलानींना पोलीस संरक्षण घ्यावं लागलं, मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. एका न्यायमूर्तींनी प्रक्षेपणाला स्थगिती दिली. प्रकरण न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्यापुढे गेलं. त्यांनी साधी गोष्ट केली, जी असल्या वादांत सहसा कुणी करत नाही: 22 जानेवारीला त्यांनी सगळी मालिका बसून पाहिली आणि मग स्थगिती उठवली. लोक आठवड्याला एक भाग पाहत होते. हे दोघे जवळजवळ पाच तासांची ‘तमस’ एका दमात पाहणारे बहुधा पहिले प्रेक्षक असावेत. पुढे सर्वोच्च न्यायालयातही याचिका झाली. न्या. सब्यसाची मुखर्जी आणि न्या. एस. रंगनाथन यांनी 16 फेब्रुवारी 1988 रोजी ती फेटाळली. सेन्सॉरने या कलाकृतीला ‘यू’ प्रमाणपत्र दिलं आहे, म्हणजे ती कोणीही पाहावी अशी आहे, याची नोंद निकालात आहे.

त्या निकालात वापरलेली कसोटी नागपुरातून आलेली आहे. 1940च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयात एका वृत्तपत्रीय मजकुराच्या खटल्यात न्या. व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम मोजताना समोर समंजस, कणखर, धीट माणूस धरावा. डळमळीत मनाचा, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणारा माणूस धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने ‘तमस’ला तोच माणूस प्रेक्षक म्हणून दिला आणि मालिका वाचली. निकाल उत्तम आहे. पण घरात बसलेल्या आईबापांनी तो हातात घेऊन टीव्ही लावला तर गडबड होईल. बोससाहेबांचा तो कणखर, धीट माणूस दिवाणखान्यात बसलेलाच नसतो. तिथे नऊ वर्षांची मुलगी असते, चौदा वर्षांचा मुलगा असतो आणि एखादी पंच्याऐंशी वर्षांची आजी असते.

न्यायालयाचा प्रश्न होता, समाजाने ही मालिका पाहू नये असं सरकारने सांगावं का. घराचा प्रश्न वेगळा आहे: आज रात्री, या माणसांबरोबर, ही लावावी का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही, अडवू नये’ असलं, म्हणून दुसऱ्याचं ‘हो’ होत नाही. आपल्याकडच्या चर्चा नेमक्या इथे फसतात. मुलांना नको म्हणणाऱ्याला बंदीवाला ठरवलं जातं आणि बंदीला विरोध करणाऱ्याने सगळं सगळ्यांना दाखवलं पाहिजे असं गृहीत धरलं जातं.

मुलांना नेमकं कशाचं भय वाटतं, यावर अमेरिकेत टीव्हीवरच्याच नाट्यांच्या आधारे बरंच काम झालं आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोआन कँटर यांनी या विषयाला अनेक वर्षं दिली. 20 नोव्हेंबर 1983 रोजी एबीसी वाहिनीवर ‘द डे आफ्टर’ हा टीव्ही चित्रपट दाखवला गेला: कॅन्ससमधल्या साध्यासुध्या माणसांवर अणुबॉम्ब पडतो आणि नंतर काय उरतं त्याची कथा. लहान मुलं भेदरतील म्हणून आधीपासून इशारे दिले जात होते. कँटर आणि सहकाऱ्यांनी चौकशी केली तेव्हा उलटं दिसलं. सगळ्यांत लहान मुलांवर परिणाम सगळ्यांत कमी झाला होता. मोठी मुलं आणि स्वतः पालक जास्त हादरले होते. याउलट, टीव्हीवरच्या ‘द इनक्रेडिबल हल्क’ मालिकेतला हल्क चांगल्या बाजूचा असूनही, माणसाचा हिरवा राक्षस होताना पाहून शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं घाबरत होती, आणि पालकांना याची कल्पनाच नव्हती. निष्कर्ष असा की अगदी लहान मूल जे दिसतं आणि ऐकू येतं त्याला घाबरतं: विद्रूप चेहरा, किंकाळी, तडफडणारं जनावर. आठ-नऊच्या पुढे मूल जे घडू शकतं त्याला घाबरायला लागतं. त्याच्याही पुढे जगात असं का चालतं हा प्रश्न छळतो.

आता हे ‘तमस’ला लावून पाहा. पाच वर्षांचं मूल नत्थूच्या कोठडीतच घाबरेल. मशिदीच्या पायऱ्यांचा अर्थ त्याला कळणार नाही, विहिरीचाही कळणार नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला डुकराचं एवढं काही वाटणार नाही, पण विहीर त्याला झोपू देणार नाही, कारण आयांनी आपल्या मुलांना घेऊन उडी मारली हे त्याला पक्कं समजतं. पंधराव्या वर्षी सगळ्यांत जास्त बोचेल तो कोंबडीचा प्रसंग. तिथे एक शहाणासुरता मोठा माणूस एका मुलाला थंडपणे घडवत असतो, आणि बघणारा त्या मुलाच्याच वयाचा असतो. एकाच मालिकेत तीन वयांसाठी तीन वेगळे काटे आहेत. ‘यू’ या एका अक्षराने यातलं काहीच कळत नाही.

हिंसेची बेरीज करूनही ते कळत नाही. ‘सीआयडी’ 1998 ते 2018 अशी वीस वर्षं चालली; शिवाजी साटमांच्या त्या मालिकेत भागागणिक एक प्रेत ठरलेलं. मोजायला बसलं तर त्यातले मुडदे ‘तमस’च्या कित्येक पट निघतील. तरी पोरंसोरं जेवताना ती बघत आणि दरवाजा तोडायची वेळ आली की हसत. कारण तिथे मरण हे कोडं आहे, सुटलं की संपलं. मेलेला माणूस आपल्याला माहीतच नसतो. ‘तमस’मधली माणसं मरण्याआधी ओळखीची झालेली असतात. म्हणून मला नेहमी वाटतं, किती मेले हे मोजण्यापेक्षा मेलेल्याचं नाव आपल्याला कळलं होतं का, हे विचारावं.

आता पाहण्याच्या रीतीकडे. जुन्या मालिकांचा अर्धा सांभाळ मालिकेच्या बाहेरूनच होत असे. एक भाग पाहिला की मध्ये आठवडा असायचा. त्या आठवड्यात शाळा, खेळ, शेजारपाजार, ऑफिसातली चर्चा. भीती विरून जायची, नाहीतर बोलून मोकळी व्हायची. आज तीच मालिका मोबाइलवर एकापुढे एक आपोआप सुरू होते. पहिला भाग संपल्यावर पाच सेकंदांत दुसरा. ‘तमस’ सलग पाच तास पाहणं आणि हप्त्याहप्त्याने पाहणं, हे दोन वेगळे अनुभव आहेत. लेंटिन आणि मनोहर यांना ते पेललं. त्यांचं कामच तसं होतं.

सांभाळाची याहून उघड सोय ‘हम लोग’ने केली होती. 7 जुलै 1984 ते 17 डिसेंबर 1985, एकूण 156 भाग. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी समाजशिक्षणासाठी टीव्ही मालिका लिहिण्याची एक पद्धत बसवली होती: काही पात्रं अनुकरणासाठी, काही धडा घेण्यासाठी, काही दोन्हींच्या मध्ये हेलकावे खाणारी. तीच कल्पना इकडे आली. सुरुवातीला कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका होता की लोक कंटाळले आणि तेरा-एक भागांनंतर तो बराच कमी करावा लागला. राहिलं ते घर: दारुडा बसेसर राम, सोशिक भगवंती, लग्नाला आलेली बडकी, मुंबईच्या झगमगाटाला भुलून फसणारी मझली. दारू, नवऱ्याची दांडगाई, मुलीची फसवणूक. आजच्या लेबलांच्या भाषेत बसवलं तर हे सगळं ‘लहानांसाठी पालकांच्या देखरेखीखाली’ या खान्यात जाईल. पण प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार यायचे. दादामुनी दोन मिनिटं गप्पा मारल्यासारखं बोलायचे: आज काय झालं, कोण चुकलं, तुम्ही असता तर काय केलं असतं. कडू औषधानंतरच्या साखरेसारखे ते होते, आणि लोकांना ते इतके आपले वाटले की त्यांना लाखोंच्या संख्येने पत्रं गेली. तरुण मुलं लिहीत, आमच्या आईवडिलांना लग्नाचं जरा समजावून सांगा.

आणि तरीही एक गंमत झाली. भगवंती हे पात्र ‘असं सोसू नका’ हे सांगायला रचलेलं होतं. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा अनेकांनी तिला आदर्श बायको म्हणून मनात धरल्याचं दिसलं. लेखकाने धडा म्हणून मांडलेली बाई लोकांनी कित्ता म्हणून गिरवली. दादामुनी समजावून सांगत असूनही हे झालं. त्यामुळे ‘शेवटी चांगला संदेश आहे’ एवढ्यावर कोणतीही मालिका घरगुती ठरवू नये. संदेश शेवटच्या दोन मिनिटांत असतो; त्याआधीची वीस मिनिटं मूल कुणाच्या बाजूने बसलं होतं, ते पाहावं.

इथून मी त्या मालिकांकडे येतो ज्यांच्यावर कुणीच बोट ठेवत नाही. रणजित देसाईंच्या कादंबरीवरची ‘स्वामी’ मुंबई दूरदर्शनवर आली तेव्हा मराठी घरांनी ती डोक्यावर घेतली. रवींद्र मंकणींचे माधवराव, अवघ्या सोळा-सतरा वर्षांच्या मृणाल देव यांच्या रमाबाई. शुद्ध भाषा, शालीन वागणं, शनिवारवाड्याचा रुबाब. रमा-माधवाची ती गोष्ट संपते थेऊरला: 1772 साली माधवराव क्षयाने जातात आणि रमाबाई सती जातात. इतिहास तसा आहे, तो बदलता येत नाही. पण ही गोष्ट आपण प्रेमकथा म्हणून ऐकत आलो आहोत, आणि तिचा शेवट प्रेमाची परमावधी म्हणून मनात ठसतो. 1987च्या सप्टेंबरात राजस्थानातल्या देवराळ्याला रूपकंवर जाळली गेली आणि त्याच वर्षी संसदेला सतीविरोधी नवा कायदा करावा लागला. त्या कायद्यात सतीचा गौरव करणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणून ‘स्वामी’ दाखवू नये असं मी मुळीच म्हणत नाही. उलट आवर्जून दाखवावी. पण शेवटचा भाग पाहून घरातली मुलगी ‘किती प्रेम होतं ना!’ म्हणाली, तर कुणीतरी तिच्याशी त्या विस्तवाबद्दल बोललं पाहिजे. ‘तमस’च्या बाबतीत मोठी माणसं आपणहून सावध असतात. ‘स्वामी’च्या बाबतीत ती उठून कुकर लावायला जातात.

विनोदी मालिकांचंही तसंच. ब्रिटनमध्ये 1977 साली ‘माइंड युअर लँग्वेज’ नावाची मालिका सुरू झाली. इंग्रजी शिकायला आलेले देशोदेशीचे विद्यार्थी, प्रत्येकाचा एक ठरलेला देशी नमुना. लोकप्रिय होती, पण 1979 मध्ये तिथल्या वाहिनीचे अधिकारी मायकेल ग्रेड यांनी ती बंद केली, कारण माणसांना साचात बसवून त्यांच्यावर हसणं त्यांना खटकलं. आपल्याकडे तिचा अवतार 1993 मध्ये आला: ‘जबान संभालके’. पंकज कपूर हिंदी शिकवतात आणि प्रांतोप्रांतीचे विद्यार्थी भाषेचा चुराडा करतात. विजू खोटेंचे विठ्ठल बापूराव पोटे त्यात आपली मराठी बाजू सांभाळून आहेत. मी आजही ती बघून हसतो. मात्र वर्गात तमिळ किंवा ईशान्येकडचं मूल असलेल्या आठ वर्षांच्या मुलाने ती पाहिली, तर दुसऱ्या दिवशी शाळेत तो काय करणार हे सांगायला संशोधन लागत नाही. ‘शक्तिमान’च्या वेळी मुलांनी नकला करू नयेत म्हणून खुद्द मुकेश खन्ना पडद्यावर येऊन सांगत असत. उडी मारण्याची नक्कल धोक्याची, हे आपल्याला पटकन दिसतं. बोलण्याच्या नकलेतला धोका दिसायला वेळ लागतो.

आता लेबलांचं काय? त्यांची मदत होते, थोडी. दूरचित्रवाणीच्या मालिकांना चित्रपटांसारखं सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. केबल कायद्याखालची कार्यक्रमसंहिता आणि वाहिन्यांची स्वतःची नियमावली असते. त्या नियमावलीनुसार मोठ्यांसाठीचे कार्यक्रम रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात दाखवायचे. ओटीटीवर 2021च्या नियमांनी यू, यू/ए 7+, 13+, 16+ आणि ए अशी वर्गवारी आणली, आणि 13+ पासून पुढे पालकांना कुलूप लावायची सोय बंधनकारक केली. मात्र जुन्या मालिका आपण पाहतो त्या बहुतेकदा यूट्यूबवर, कुणीतरी चढवलेल्या, लेबलाशिवाय. घड्याळाच्या जोरावर कुटुंब सांभाळण्याचा प्रयोगही करून झाला आहे. अमेरिकेत 1975 मध्ये मोठ्या वाहिन्यांनी रात्रीचा पहिला तास ‘कुटुंबाचा’ म्हणून राखून ठेवला. परिणाम काय, तर वंशद्वेष आणि स्त्री-पुरुष वादावर घराघरात भांडणं लावून देणारी नॉर्मन लिअर यांची ‘ऑल इन द फॅमिली’ ही देशातली सर्वांत लोकप्रिय मालिका उचलून नऊ वाजता टाकावी लागली. लेखकांच्या संघटनेने दावा केला आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने ते धोरण घटनाविरोधी ठरवलं. ज्या मालिकेने बाप आणि जावई, आई आणि मुलगी खरोखर एकमेकांशी बोलायला लागले असते, तीच कौटुंबिक वेळेतून बाहेर गेली होती.

मग घरात करायचं काय? ज्याने मालिका सुचवली त्याने आधी ती पुन्हा पाहावी, पूर्वी पाहिल्याच्या भरवशावर राहू नये. तीस वर्षांपूर्वी आपण बारा वर्षांचे होतो. जे तेव्हा कळलं नाही ते आठवणीत राहिलेलं नसतं, आणि नेमकं तेच आता शेजारी बसलेल्या मुलाला कळतं. पहिला भाग पाहून निर्णय घेऊ नये. बहुतेक मालिकांचा पहिला भाग पाहुण्यांसमोर आवरलेल्या खोलीसारखा असतो. मधला एखादा आणि शेवटाच्या अलीकडचा एखादा पाहावा. ‘तमस’ला अपवाद करावा लागतो, कारण तिने सगळ्यांत टोचणारी गोष्ट दारातच मांडून ठेवली आहे. एका बसणीत एकच भाग, आपोआप पुढे जाण्याची सोय बंद, आणि झोपायच्या अगदी आधी नको. टीव्ही बंद केल्यावर लगेच मोबाइलमध्ये डोकं घालू नये. दादामुनींची ती दोन मिनिटं आता घरातल्याच कुणीतरी द्यायची आहेत, आणि त्यासाठी अशोक कुमार असावं लागत नाही. ‘तुला काय वाटलं?’ एवढं विचारून गप्प बसता आलं तरी पुरे.

जपायचं असतं ते नेहमी मुलांनाच, असंही नाही. उल्हासनगर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीवर वसलं. तिथल्या, मुंबईतल्या किंवा पुण्याच्या पिंपरीतल्या एखाद्या घरात ‘तमस’ लावताना पहिल्यांदा आजीला विचारावं. ती ‘लावा’ म्हणेलही आणि मग आजवर न सांगितलेलं काही सांगेल. ती उठून आत जाईल असंही होऊ शकतं. दोन्ही वेळा मुलांनी काय ते पाहिलेलं असतं. त्याला लेबल नाही.

माझं स्वतःचं उत्तर विचाराल तर असं: दहाच्या आत ‘तमस’ नको. दहा ते तेरा या वयात हरनामसिंग आणि बन्तोचा प्रवास तेवढा दाखवावा, मोठ्या माणसाबरोबर, आधी थोडी गोष्ट सांगून. तो भाग सुटासुटाही उभा राहतो आणि त्यात राजो आहे. चौदाच्या पुढे सगळी, भागाभागाने. कोंबडीचा प्रसंग वगळू नये. तो वगळला की बाकीची दंगल आपोआप पेटल्यासारखी दिसते, आणि दंगली आपोआप पेटत नाहीत हेच तर साहनी सांगत होते.

मुलं मात्र रक्ताबद्दल फारसं विचारत नाहीत, त्याची तयारी आपण उगाच करून बसतो. ती विचारतात, नत्थूने ‘नाही’ का म्हटलं नाही? कादंबरीत त्याच्या हातावर पाच रुपयांची नोट ठेवलेली असते. पाच रुपये म्हणजे तेव्हा किती, ठेकेदाराला तो नाही का म्हणू शकत नव्हता, हे काम नेमकं त्यालाच का सांगितलं आणि चामड्याचं काम करणारी माणसं गावात कुठे राहत: एकेका प्रश्नाला उत्तर देत गेलं की जेवण थंड होतं. आपल्याला त्या रात्री तेवढा वेळ नसेल, तर मालिका त्या रात्री लावू नये, शनिवारी लावावी.